शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पावसाची परिवर्तनशीलता

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पावसाची परिवर्तनशीलता म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील या दोन तालुक्यांत पावसाचे आगमन, वाटप व माघार यांत वर्षागणिक होणारे बदल होत. हे बदल मुख्यतः हिंदी व प्रशांत महासागरांचे पृष्ठीय तापमान आणि त्यावरील वातावरणाचे अभिसरण यांच्या परस्परक्रियेतून घडतात. सह्याद्रीच्या सान्निध्यामुळे येथे पावसाचे एकूण प्रमाण सहसा अपुरे पडत नाही. मात्र पाऊस केव्हा येतो, मध्येच किती दिवस थांबतो आणि केव्हा परततो, यांवर भातशेती आणि पाणीपुरवठा अवलंबून असतो.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूरच्या पूर्वेस कसारा घाट, तर मुरबाडच्या पूर्वेस माळशेज घाट व नाणेघाट आहेत. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्यांना अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. त्यामुळे येथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. माळशेज घाट ओलांडून जुन्नरच्या पठारावर गेल्यास पर्जन्यछायेमुळे हे प्रमाण झपाट्याने घटते.

== महासागर व वातावरण यांची परस्परक्रिया ==

=== एल निनो व ला निना ===

सामान्यतः प्रशांत महासागराचा पश्चिम भाग उष्ण असतो. तेथे हवा वर जाते व पूर्वेकडील थंड पाण्यावर खाली उतरते. या चक्रास वॉकर अभिसरण म्हणतात. भारतातील वेधशाळांचे महासंचालक (१९०४–१९२४) गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनच्या पूर्वानुमानाचा अभ्यास करताना ‘दक्षिणी आंदोलन’ ही वायुदाबाची घडण ओळखली होती. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी तिचा एल निनोशी संबंध स्पष्ट केला.

एल निनोच्या काळात मध्य व पूर्व प्रशांत महासागर नेहमीपेक्षा उष्ण होतो आणि हवा वर जाण्याचे क्षेत्र पूर्वेकडे सरकते. भारतीय उपखंडावर हवा खाली उतरण्याची प्रवृत्ती वाढून पाऊस दुर्बळ होतो. ला निनाचा परिणाम साधारणपणे उलट असतो. हा संबंध अटळ नाही. १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ मध्ये तो मध्यम असताना पाऊस ८१ टक्क्यांवर आला. कोकणात डोंगरउतारावरील पावसाचा वाटा मोठा असल्याने एल निनोचा परिणाम मराठवाड्यासारख्या प्रदेशांच्या तुलनेत कमी जाणवतो.

=== हिंदी महासागर द्विध्रुव ===

हिंदी महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांतील तापमानाच्या तफावतीस द्विध्रुव म्हणतात. पश्चिम भाग अधिक उष्ण असल्यास तो धन, तर पूर्व भाग अधिक उष्ण असल्यास ऋण असतो. धन द्विध्रुवामुळे मान्सूनला सहसा बळ मिळते. १९९७ मध्ये एल निनोचा परिणाम झाकला जाण्यामागे हे एक कारण मानले जाते.

=== हंगामातील चढउतार ===

मॅडन–ज्युलियन दोलन ही ढगांची व पावसाची लाट विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकते आणि साधारण ३० ते ६० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते. तिची स्थिती, किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे यांवर मुसळधार पावसाचे दिवस व पावसाचे खंड ठरतात.

== भातशेतीवरील परिणाम ==

परिसराचे मुख्य पीक भात असून वरकस जमिनीवर नागली व वरी घेतली जाते. राब भाजून तयार केलेल्या जमिनीत जूनमध्ये भाताची रोपे केली जातात व पुढे चिखलणी करून लावणी होते. पाऊस लांबल्यास रोपांचे वय वाढते आणि लावणीनंतर फुटवे कमी येतात. परतीचा पाऊस लवकर संपल्यास उशिरा तयार होणाऱ्या गरव्या वाणांचे दाणे नीट भरत नाहीत. तो लांबल्यास कापून ठेवलेले हळवे भात भिजून कोंब फुटतात.

२०१९ मध्ये हा दुसरा प्रकार घडला. त्या वर्षी धन द्विध्रुव असाधारण तीव्र होता. मान्सूनची माघार ९ ऑक्टोबरला, म्हणजे तोवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा, सुरू झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ व ‘महा’ ही चक्रीवादळे निर्माण झाली आणि अवकाळी पावसाने कोकणातील कापणीस आलेल्या भाताचे मोठे नुकसान झाले.

== पाणीपुरवठा ==

भातसा, तानसा व मोडकसागर हे शहापूर तालुक्यातील जलाशय मुंबईला पाणी पुरवतात. शहराच्या एकूण पुरवठ्यापैकी सुमारे निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. मात्र बेसाल्ट खडक व तीव्र उतारामुळे पावसाचे पाणी जमिनीत फारसे न मुरता वाहून जाते. परिणामी याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना एप्रिल–मेमध्ये टँकरचे पाणी घ्यावे लागते. मान्सूनचे आगमन लांबले की ही टंचाई तितकेच दिवस वाढते.

२०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ चक्रीवादळामुळे मान्सूनची वाटचाल रेंगाळली आणि तो मुंबईत २५ जूनला पोहोचला. मुंबईत १ जुलैपासून १० टक्के पाणीकपात झाली. त्याच वर्षी एल निनोच्या काळातील ऑगस्ट हा देशासाठी १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

== तापमानवाढ व पूर्वानुमान ==

अरबी समुद्राच्या तापमानवाढीमुळे हवेतील बाष्प वाढते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात आढळले. भारतीय हवामान विभाग हंगामी अंदाजासाठी महासागर व वातावरण यांची एकत्रित गणिती प्रारूपे वापरतो. हे अंदाज विस्तृत प्रदेशांच्या सरासरी पावसाविषयी असतात. लावणी वा कापणीची वेळ ठरविण्यास जिल्हानिहाय अल्पकालीन अंदाज अधिक उपयुक्त ठरतात.

== हेही पहा ==

* एल निनो
* मोसमी वारे
* भातसा धरण
* सह्याद्री