एकटेपणा आणि चर्चमधला कला गट: रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

जोडीदार गेल्यानंतर, निवृत्तीनंतर किंवा मोठ्या आजारातून उठल्यानंतर अनेकांना दिवस खायला उठतो. गोळ्या वेळेवर चालू असतात, रिपोर्टही बरे असतात, पण आठवडाभर घराबाहेरच्या कुणाशी धड बोलणे होत नाही. मुलांकडे ब्रिटनमध्ये राहायला गेलेल्या आई-वडिलांना हे जास्त जाणवते. मुले कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर थंडी आणि इंग्रजी बोलण्याचा संकोच. अशा वेळी तिथे जवळच्या चर्चच्या सभागृहात भरणारा कला गट सुचवला जाऊ शकतो. त्याचा उपयोग काय आणि मर्यादा कोणत्या, ते पाहू.

एकटेपणाचा आरोग्याशी काय संबंध?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींपैकी एकाला एकटेपणा जाणवतो. दरवर्षीच्या सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. दीर्घकाळच्या एकटेपणामुळे हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मरणशक्ती घटण्याचा धोका वाढतो. म्हणून ही तक्रार डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

या गटात काय चालते?
साधारणपणे आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास. एका मोठ्या टेबलाभोवती बसून रंगकाम, कोलाज, विणकाम किंवा मातीकाम, आणि मध्ये चहा-बिस्किटे. जागा आणि स्वयंसेवक बहुधा चर्चचे असतात. फी नसते किंवा नाममात्र असते.

चित्रे काढता येत नसतील तर?
हरकत नाही. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलाकाम केले. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले. पूर्वी कला शिकलेल्यांना जास्त फायदा झाला, असे दिसले नाही. अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही कलेचा आरोग्याला हातभार लागतो असेच दिसले.

शिवाय हात कामात असले की बोलणे सोपे जाते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, गप्प बसले तरी अवघड वाटत नाही. भाषा तोडकीमोडकी असली तरी चालते. रांगोळी किंवा भरतकाम येणाऱ्या आजींकडे तर इतरांना शिकवण्यासारखे बरेच असते.

ख्रिस्ती असावे लागते का?
अनेक गट सर्व धर्मांच्या लोकांना खुले असतात. काही ठिकाणी सुरुवातीला किंवा शेवटी छोटी प्रार्थना असते. ती असते का आणि त्या वेळी बाहेर थांबले तर चालेल का, हे आधी मोकळेपणाने विचारा.

आजार असेल तर कोणती काळजी घ्यावी?
• पक्षाघातानंतर: कागद टेबलाला चिकटपट्टीने लावा, जाड मुठीचा ब्रश घ्या. दुबळ्या हाताने कागद धरून ठेवण्याचा प्रयत्न करा.
• पार्किन्सन: औषधाचा परिणाम चांगला असतो ती वेळ निवडा.
• दमा: टर्पेंटाइन व फवाऱ्याचे रंग टाळा, जलरंग वापरा. इनहेलर जवळ ठेवा.
• मधुमेह: जेवणाची वेळ चुकवू नका. इन्सुलिन घेत असाल तर साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवा.
• स्मृतिभ्रंश: सुरुवातीला घरच्यांपैकी कुणी सोबत बसावे.
जाण्यापूर्वी जिना, स्वच्छतागृह आणि पुरेसा उजेड यांची चौकशी करा.

हा उपचार आहे का?
नाही. हा सोबतीचा गट आहे. आर्ट थेरपी वेगळी: ती प्रशिक्षित थेरपिस्ट देतात आणि ब्रिटनमध्ये त्यासाठी अधिकृत नोंदणी लागते. गटात जाऊ लागलात म्हणून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट पाहू नका. भारतात टेली-मानस १४४१६, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३ या क्रमांकांवर रात्रंदिवस बोलता येते.

गट कसा शोधावा?
ब्रिटनमध्ये आपल्या जीपीकडे 'लिंक वर्कर'ची चौकशी करा. आजूबाजूच्या अशा गटांशी जोडून देणे हेच त्यांचे काम असते. महाराष्ट्रात जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ किंवा विरंगुळा केंद्र पाहा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

कुटुंबीयांनी एवढे करावे: "जात जा ना कुठेतरी" असे म्हणण्यापेक्षा पहिल्या दिवशी स्वतः सोबत जावे. पहिल्याच खेपेला मन रमेल असे नाही. तीन-चार वेळा जाऊन पाहावे, मग ठरवावे. घरी आणलेले चित्र कपाटात न ठेवता भिंतीवर लावावे आणि चित्राइतकीच शेजारी कोण बसले होते याचीही चौकशी करावी.