ओझर : तंगीचा भार कोणाचा?

१/ नोव्हेंबर १९६२. चीनशी युद्ध चालू असताना यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला ‘एचएएल’चा मिग कारखाना स्थापन झाला.

२/ मिग-२१, मिग-२७, पुढे सुखोई-३०. गिऱ्हाईक मुख्यतः एकच : भारतीय हवाई दल. त्याची मागणी आटली की कारखान्याचे काम आटणार.

३/ जानेवारी २०१९. हवाई दलाकडील येणे थकले होते. पगारासाठी कंपनीने सुमारे १,००० कोटींची उचल घेतली. ओझरला सुखोईचे कामही संपत आले होते.

४/ १४ ऑक्टोबर २०१९. ओझरसह देशभरातील कामगार बेमुदत संपावर गेले. वेतनकरार २०१७ पासून रखडलेला. कामगारांचे म्हणणे : अधिकाऱ्यांना मिळाली त्याच प्रमाणात वाढ आम्हालाही हवी. व्यवस्थापनाचे उत्तर : एवढा बोजा कंपनीला पेलणार नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संप थांबला.

५/ २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांचा करार झाला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून तेजस मार्क-१ए झेपावले. काम परतले. परंतु मागणी ठरवणे कामगारांच्या हाती नसताना तंगीची झळ त्यांनी किती सोसावी, हा संपातला प्रश्न न्यायालयाच्या आदेशाने सुटला नव्हता.