अक्षर आणि आकृती

लिखित मजकूर शिल्लक राहणे आणि तो वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मराठी इतिहाससंशोधनाला प्रारंभापासून ठाऊक आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. दप्तरे मिळविणे हे त्या कार्याचे एक अंग होते. मोडी कागद बाळबोधीत उतरविणे हे दुसरे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्दाशब्दांत अंतर नसते. म्हणून वाचणाऱ्याला लिपीबरोबर भाषा आणि प्रसंगही जाणावे लागतात. १९८५ ते २००५ च्या सुमारास संगणकावर लिहिल्या गेलेल्या मराठीच्या वाट्याला आज तीच अवस्था आली आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. कोणत्या क्रमांकाचा अर्थ कोणते अक्षर, याचा करार आधी व्हावा लागतो. भारतीय लिपींसाठी असा करार घडला नाही असे नव्हे. कानपूरच्या आय. आय. टी.त आरंभ झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. ब्राह्मीकुलातील लिपींना एकच तक्ता आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने, हे तिचे तत्त्व होते.

परंतु मुद्रणव्यवसाय वेगळ्या वाटेने गेला. पुस्तकांची जुळणी ज्या पेजमेकरवर होई, त्याला रोमन लिपीच समजत होती. तेव्हा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट निघाले. श्रीलिपी, कृतिदेव, योगेश अशा प्रत्येक घराण्याची मांडणी निराळी. छापील पान सुंदर निघे, म्हणून कोणाला त्यात उणे दिसले नाही. परंतु फाईलमध्ये भाषा उरली नव्हती. उरल्या होत्या केवळ आकृती.

उदाहरण कृतिदेवचे घेता येईल. त्यात ‘हिन्दी’ हा शब्द एफ, जी, यू, एन, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठतो. पहिले अक्षर ऱ्हस्व वेलांटीचे. ती ‘ह’च्या डावीकडे दिसते म्हणून आधी लिहिली जाते, उच्चारात मात्र ती ‘ह’च्या नंतर येते. ‘कार्यालय’ या शब्दात रफार ‘या’च्या कान्यानंतर साठविलेला असतो, उच्चारात तो ‘य’च्याही आधीचा. ‘ध’ आणि ‘ख’ ही अक्षरे तर एक अर्धा तुकडा आणि एक काना जोडून बनतात. अर्थात तो काना स्वरचिन्ह आहे की अक्षराचाच दंड आहे, हे शेजार पाहिल्यावाचून ठरत नाही.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आराखड्यावर उभा होता. तरी सामान्य संगणकावर तो रुळण्यास पुढची कित्येक वर्षे जावी लागली, आणि तोवर आकृतींच्या फाईलींचे डोंगर साचले. पेजमेकरची अखेरची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये निघाली. आज अशी फाईल उघडण्यास प्रथम ते जुने सॉफ्टवेअर चालवावे लागते, आणि मग आतील मजकुराचे रूपांतर करावे लागते: कुलपाच्या आत दुसरे कुलूप. बंगाली आणि तमिळ लिपींतही काही स्वरचिन्हे व्यंजनाच्या डावीकडे बसतात. त्यामुळे हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही.

रूपांतराची साधने आहेत, आणि ती वेलांटी व रफार बऱ्याच अंशी योग्य जागी नेतात. खरा धोका निराळा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी यांचे अंतर आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ्या’मधील हा आडवा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: एका रीतीत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण, दुसरीत साध्या ‘र’च्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. ते चिन्ह वाटेत गळाले की दऱ्यांचा दर्या होतो, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला त्यात काही चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत.

येथे प्रश्न यंत्राच्या कक्षेतून निघून पाठचिकित्सेच्या कक्षेत येतो. लेखनिकाच्या हातून पोथीत पाठभेद शिरतात, तसे ते रूपांतरातून शिरतात. आणि मूळ फाईल टाकून दिली असेल, तर पुढचा अभ्यासक त्यांना लेखकाचेच शब्द मानील. छापलेल्या ग्रंथाशी ताडून पाहता येईल. परंतु न छापलेले खर्डे, अपुरे अनुवाद, लेखकाने अखेरीस सुधारलेली प्रत यांना ताडण्यासाठी दुसरे काहीच नसते.

म्हणून संग्राहकाने मूळ फाईल जशीच्या तशी राखावी, तिच्याजवळ तिचा फॉन्ट ठेवावा, त्या फॉन्टचे नाव व आवृत्ती नोंदवावी, आणि रूपांतर कोणत्या साधनाने केले हे नव्या प्रतीवर लिहावे. शेवटचे वाचन मराठी जाणणाऱ्या माणसाने करावे. लिप्यंतर झाल्यावर मोडी कागद कोणी जाळून टाकीत नाही. या फाईलींनाही तोच न्याय लागू व्हावा.