चावडीतला फेरफार आणि यंत्रातला हुकूम

इतिहासाच्या व्याख्यानात संगणकाचे नाव निघाले की श्रोत्यांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणून आहोत. नगरात बोलायचे तर किल्ल्याविषयी बोलावे, चांदबिबीविषयी बोलावे, फार तर मलिक अंबराच्या गनिमी काव्याविषयी बोलावे. प्रोग्रॅमच्या पोटातून डेटाबेसला हुकूम कसे सोडले जातात, हा काय इतिहासाचा विषय झाला? आमचे म्हणणे असे आहे की, या जिल्ह्यात ज्याच्या नावावर गुंठाभर तरी जमीन आहे, त्याच्या दृष्टीने याहून निकडीचा ऐतिहासिक विषय सहसा सापडणार नाही. आणि हा विषय काल जन्मला आहे असेही नाही.

समजा, श्रीगोंद्याकडच्या एका गावातील खातेदार वारला. मागे विधवा पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. आता सातबाऱ्यावर वारसांची नावे लागावयाची. जुन्या रीतीने तलाठी आधी फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरी. नोंदीची प्रत चावडीवर लागे, हितसंबंधितांना नोटिसा जात, हरकतीसाठी पंधरा दिवस वाट पाहिली जाई, आणि मग मंडळ अधिकारी येऊन नोंद प्रमाणित करी. त्यानंतरच मयताच्या नावाला कंस पडून खाली चार नावे चढत. खात्याच्या उताऱ्यातही, म्हणजे आठ-अमध्ये, तसाच बदल होई. आज हीच पायरी ई-फेरफार प्रणालीत चढली जाते. मंडळ अधिकाऱ्याने पडद्यावर नोंद प्रमाणित केली की तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो. तलाठ्याचे पदनामही २०२४ साली ग्राम महसूल अधिकारी असे झाले. पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे, म्हणून आम्हीही तोच शब्द ठेवतो.

बोटाने कळ दाबली आणि उताऱ्यावरचे नाव बदलले, या दोहोंच्या मध्ये काय घडले? कोणत्याही अशा यंत्रणेत मध्ये हुकुमांची एक यादी चालत असते. अमुक तक्त्यातील अमुक ओळ बंद कर. तमुक तक्त्यात चार नव्या ओळी घाल. खात्याचे क्षेत्र पुन्हा मांड. नोंदीपुढे 'प्रमाणित' असे लिही. या यादीला जाणकार मंडळी स्क्रिप्ट म्हणतात. कळ दाबणाऱ्याला ती दिसत नाही. ती प्रोग्रॅमच्या आत आहे, आणि प्रोग्रॅमच ती डेटाबेसच्या हाती देतो. पूर्वी हुकूम चावडीवर टांगलेला असे. आता तो भिंतीच्या आत गेला आहे. हा फरक लहान नव्हे.

दप्तर कोणाच्या हुकमाने बदलावे, हा प्रश्न या भूमीत पहिल्यांदा कसोशीने कोणी हाताळला असेल तर मलिक अंबराने. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, आणि बुडती निजामशाही या हबशी सरदाराने १६२६ मध्ये आपण मरेपर्यंत सावरून धरली. १६२४ मधील भातवडीची लढाई आपल्या नगरच्या वेशीजवळची म्हणून सर्वांना पाठ असते; त्याची जमाबंदी मात्र क्वचितच कोणाला आठवते. ग्रँट डफने तिची हकीकत दिली आहे. वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत अंबराने बंद केली. मक्तेदारीत काय होते? वसूल ठरविणारा तोच, घेणारा तोच आणि लिहिणाराही तोच. अंबराने वसुलीचे काम ब्राह्मण कारकुनांकडे दिले आणि त्यांच्यावर मुसलमान अंमलदारांची देखरेख ठेवली. लिहिणारा एक, पाहणारा दुसरा. गावकामगारांची मोडलेली घडी पुन्हा बसविली. पिकाच्या काही हंगामांचा अनुभव घेऊन मगच धान्याऐवजी रोख आकार ठरविला. युद्धे तर त्याने पुष्कळ केली. पण रयतेच्या आठवणीत त्याचे नाव टिकले ते या जमाबंदीमुळे, असे आम्हांस वाटते.

लिहिणारा आणि पाहणारा यांची ही फारकत मोडली की काय होते, तेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यात श्रीगोंदे, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. दंगेखोर कुणब्यांचा रोख कशावर होता? सावकाराच्या रोख्यांवर आणि खतांवर. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला हेच दिसून आले की, सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तेथे सहसा हिंसा झाली नाही. कागद हाती आले की ते फाडले, जाळले, आणि जमाव पांगला. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे आपणांस वाचता येत नाही, आणि तोच कागद न्यायालयात आपल्या जमिनीवर हुकूमनामा होऊन उभा राहतो, ही त्या कुणब्याची व्यथा होती. न वाचता येणारा हुकूम त्याच्याच अंगठ्याने चालत होता.

सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे त्याचे चार जिल्हे. त्यातील दोन गोष्टी आमच्या विषयाला फार जवळच्या आहेत. एक, शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे. दुसरी, न्यायाधीशाने केवळ शेवटच्या रोख्याकडे न पाहता व्यवहार कोठून सुरू झाला, मूळ रक्कम किती, व्याज किती चढले, याचा माग काढावा. म्हणजे आजची ओळ पुरेशी नाही. ती कशी घडत आली त्याची साखळी हवी. पुढे १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्याने, १९१३ च्या दुरुस्तीने, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हीच साखळी फेरफाराच्या वहीच्या रूपाने पक्की केली. त्या संहितेच्या कलम १५० मध्ये नोंदीची आणि हरकतीची रीत आहे, आणि कलम १५७ म्हणते की, अधिकार अभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. हे कलम लक्षात ठेवावे. नोंद खरी मानली जाणार असेल, तर ती कोणी व कशी बदलली याला किती किंमत आली!

आता समुद्रापार जावे लागेल. कारण यंत्रातल्या हुकमाची भाषा तेथे घडली. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी असे सुचविले की, मोठा माहितीसाठा साध्या तक्त्यांच्या रूपाने मांडावा, आणि विचारणाऱ्याला माहिती आत कोठे ठेवली आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना हुकूम देण्याची एक भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर पसरली. माणसाने पडद्यासमोर बसून हुकूम टंकावा आणि उत्तर घ्यावे, ही तिची एक रीत. परंतु कचेरीतील कारकून दर नोंदीला ही भाषा थोडीच टंकणार! म्हणून कोबोलसारख्या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या मधोमध हे हुकूम बसविण्याची दुसरी रीत आली. प्रोग्रॅम एका भाषेत बोलतो, त्याच्या पोटातील हुकूम दुसऱ्या भाषेत. सगळी अडचण या सांध्यात आहे.

पहिली अडचण अगदी बाळबोध वाटेल. फाईलमध्ये चाळीस हुकूम एकाखाली एक लिहिलेले आहेत आणि ती फाईल प्रोग्रॅमने डेटाबेसला द्यावयाची आहे. एक हुकूम कोठे संपला हे कसे कळावे? अर्धविरामावर तोडावे, असे नवशिक्या म्हणतो. पण 'इतर हक्क' या रकान्यात कोणी 'विहिरीत निम्मा हिस्सा; पाट सामाईक' असे लिहिले असेल, तर तो अर्धविराम मजकुरातला आहे, हुकमाचा नव्हे. प्रोग्रॅमने तेथेच तुकडा पाडला की दोन्ही तुकडे निरर्थक होतात. ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना याचे हसू येईल. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवीत जायचे. ना शब्दांत अंतर, ना विरामचिन्ह. वाचणारा आपल्या सरावाने वाक्य कोठे संपले ते ओळखी. यंत्राला तो सराव नाही. काही डेटाबेसांच्या सोबतच्या साधनांत तर गठ्ठा संपल्याची स्वतंत्र खूण असते. ती खूण त्या साधनाला कळते, खुद्द डेटाबेसला कळत नाही. साधनातून सुरळीत चाललेली फाईल प्रोग्रॅममधून पाठविताच अडते, आणि नवा प्रोग्रॅमर दिवसभर डोके धरून बसतो.

दुसरी अडचण याहून गंभीर. वर सांगितलेल्या वारसनोंदीत मयताची ओळ बंद झाली, दोन वारसांची नावे चढली आणि तेवढ्यात वीज गेली, तर? विधवा आणि मुलगी उताऱ्यावर नाहीत, आणि बापही नाही. यावर उपाय असा की, सर्व हुकुमांची एक मोट बांधायची. सगळे लागू होतील, नाहीतर एकही होणार नाही. याला ट्रॅन्झॅक्शन म्हणतात, आणि या विचाराला शास्त्रशुद्ध रूप देण्यात जिम ग्रे यांचा वाटा मोठा आहे. तरीही मेख आहेच. तक्त्याची रचनाच बदलणारा हुकूम, म्हणजे नवा रकाना जोडणे वगैरे, मोटेच्या मध्येच आला, तर ओरॅकल, मायएसक्यूएल यांसारखे डेटाबेस तोवरचे काम आपण होऊन कायम करून टाकतात. मग मागे फिरता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये मात्र बहुतेक असे हुकूमही मागे घेता येतात. तेव्हा मोट बांधली म्हणून स्वस्थ बसू नये. कोणत्या विहिरीवर ती चालवायची आहे तेही पाहावे.

तिसऱ्या अडचणीत १८७५ चा कुणबी आम्हांस पुन्हा भेटतो. हुकमात नाव घालायचे असते. निष्काळजी प्रोग्रॅमर हुकूम आणि नाव एकाच ओळीत चिकटवून पाठवितो. मग कोणी लबाडाने नावाच्या जागी नावाऐवजी दुसरा हुकूमच लिहिला, तर डेटाबेस तोही इमानाने बजावतो. १९९८ मध्ये जेफ फॉरिस्टल यांनी ही खोट जाहीरपणे मांडली, आणि नंतरच्या वर्षांत तिने जगभर धुमाकूळ घातला. उपाय मात्र आपल्या ओळखीचा आहे. हुकूम आधी कोऱ्या जागा ठेवून पक्का करावा, आणि नाव, क्षेत्र, गट नंबर हे मागाहून त्या जागांत भरावे. कोऱ्या जागेत काहीही पडले तरी तो मजकूर राहतो, हुकूम होत नाही. गावच्या छापील नमुन्यांचे रहस्य हेच की! आमच्या जुन्या हुंडीत रकमेबरोबर तिची निमपट लिहून तिची दुप्पट असा उल्लेख करीत, तोही अशाच खाडाखोडीवरचा बंदोबस्त होता.

उरली ती सहीची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत नाजूक गोष्ट हीच. फेरफाराच्या वहीत नोंद धरणारा आणि प्रमाणित करणारा असे दोन हात दिसतात; अंबराच्या लिहिणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची जोडी तेथे शाबूत आहे. पण प्रोग्रॅम डेटाबेसशी बहुधा एकाच नावाने बोलतो. शंभर कचेऱ्यांतून कोणीही कळ दाबली, तरी डेटाबेसच्या लेखी हुकूम देणारा एकच, तो म्हणजे प्रोग्रॅम. कळ कोणाची, वेळ कोणती, आधी काय होते, हे प्रोग्रॅमने मुद्दाम वेगळे लिहून ठेवावे लागते. न ठेवले तर १८७९ च्या न्यायाधीशाला जो माग काढायचा होता तो निघतच नाही. शिवाय, दुरुस्तीच्या निमित्ताने एखाद्याने थेट स्क्रिप्ट चालविली, तर तिला ना नोटीस, ना पंधरा दिवस, ना हरकत. प्रोग्रॅमर मंडळी याला सोय म्हणतात. आमच्या लेखी ती मक्तेदारीच आहे. ठरविणारा, करणारा आणि लिहिणारा पुन्हा एक झाला.

महाराष्ट्रात जमिनीचे दप्तर यंत्रावर घेण्याची सुरुवात केंद्र सरकारच्या १९८८-८९ च्या योजनेने झाली. देशातील पहिल्या आठ जिल्ह्यांत आपल्या राज्यातून वर्धा होता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती आला तो १ मे २०१८ रोजी. या दोहोंच्या मध्ये हस्तलिखित उतारे यंत्रात भरताना ज्या चुका राहिल्या, त्या शोधण्यासाठी २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडीवाचन झाले. यंत्रातून निघालेला सातबारा तलाठ्याने गावापुढे मोठ्याने वाचायचा, आणि ज्याला चूक वाटेल त्याने तेथेच सांगायचे. क्षेत्रात दशांश चिन्ह सरकले आहे काय, बहिणीचे नाव गळले आहे काय, हे ऐकणाऱ्याला चटकन कळते. स्क्रिप्टला ते कळण्याचे कारण नाही. त्या वाचनाला आमच्या माहितीतील पुष्कळ शहरवासी खातेदार गेले नव्हते. ज्यांची जमीन गावी आहे आणि बिऱ्हाड नगरात आहे, अशा श्रोत्यांनी आज घरी गेल्यावर आपला सातबारा आणि आठ-अ समोरासमोर ठेवून क्षेत्राची बेरीज जुळते का ते पाहावे, आणि शेवटच्या फेरफाराचा नंबर टिपून ठेवावा.