धार-देवासचे पगारी लेखक

१९२९ च्या मंदीने अमेरिकेत लाखो माणसे बेकार झाली. त्यांना हाताला काम देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने जे खाते उभारले, त्याच खात्यातून १९३५ च्या जुलैपासून बेकार लेखकांनाही काम मिळू लागले. रस्ते व पूल बांधणाऱ्या मजुराइतकाच लेखकही पोटासाठी राबणारा माणूस आहे, हे एका सरकारने कागदोपत्री मान्य केले. या लेखकांनी प्रत्येक राज्याची प्रवासी मार्गदर्शिका तयार केली. त्याहून मोलाचे काम म्हणजे, गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्ध स्त्री-पुरुषांच्या जबान्या त्यांनी नोंदवून ठेवल्या. राल्फ एलिसन व सॉल बेलो हे पुढे नावारूपास आलेले लेखक त्या पगारपत्रकावर होते. १९३९ साली मध्यवर्ती सरकारने हात आखडता घेतला आणि पुढची चार वर्षे राज्यांच्या आधाराने उरलेसुरले काम चालून योजना मिटली.

त्याच दशकात सरकारी पैशाने मराठी ग्रंथ कोठे लिहिले जात होते, हे पाहू लागल्यास बडोद्याचे नाव प्रथम येते, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हा सीमावासीयांना बडोद्यापेक्षा धार आणि देवास ही दोन लहान ठिकाणे अधिक शिकवतील, असे आम्हांस वाटते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवारांनी माळव्यात बस्तान बसवले. धारेला एक गादी झाली. देवासला तुकोजी व जिवाजी या बंधूंच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन. गाव एक आणि राज्ये दोन! दरबार, दफ्तर आणि शिक्षित नोकरवर्ग मराठी. भोवतालची रयत मात्र माळवी बोलणारी.

धारचे काशीनाथ कृष्ण लेले हे या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण. त्यांचा हुद्दा संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधीक्षक असा होता. ‘लेखक’ किंवा ‘इतिहासकार’ अशी जागा संस्थानच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडली नसती. शाळा तपासता तपासता त्यांनी शिलालेख वाचले. परमार राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन याने रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका ज्या शिळेवर कोरलेली आहे, ती १९०३ साली धारेत उजेडात आली ती त्यांच्याच प्रयत्नाने. चार अंकांपैकी दोनच अंक त्या शिळेवर आहेत. हा मदनही राजाश्रयाचाच कवी. म्हणजे एका पगारी पंडिताने सातशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या आश्रिताला उजेडात आणले. पुढे १९०८ साली कॅप्टन ल्युअर्ड यांच्यासह लेल्यांनी धार व माळव्याच्या परमारांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला.

मंदीच्या काळात माळव्यातील संस्थाने आधीच खंगलेली होती. चीनकडे जाणारी अफू १९१३ च्या सुमारास बंद पडली आणि माळव्याच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटला. त्यावर १९३० नंतर कापसाचे व धान्याचे भाव कोसळले. देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव कर्जात इतके बुडाले की १९३३ च्या अखेरीस त्यांनी राज्य सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आसरा घेतला, आणि १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. याच तुकोजीरावांच्या पदरी १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार काही महिने खासगी चिटणीस होते. त्यांनाही कादंबरीसाठी नव्हे, चिटणिशीसाठीच पगार मिळे. आपले भास्कर रामचंद्र तांबे देवासला शिकले, तरुणपणी तेथेच राजपुत्राचे शिक्षक झाले आणि पुढे माळव्याच्या आसपासच्या संस्थानांत नाना हुद्द्यांवर राबले. कवी म्हणून दरबारी मान मिळाला तो ग्वाल्हेरला, १९३७ साली, देह थकल्यावर.

अशा दिवसांत, १९३४ साली, लेले आणि शि. का. ओक यांचा ‘धार संस्थानचा इतिहास’ मराठीत निघाला. गादीवरचे महाराज आनंदराव तेव्हा चौदा वर्षांचेही नव्हते. त्याआधी १९२९ साली संस्थानने यझदानी यांचा मांडूवरील देखणा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्डमध्ये छापून घेतला होता. पाहुण्यांसाठी इंग्रजी आणि घराण्याच्या कीर्तीसाठी मराठी, अशी ही विभागणी दिसते. दोन्ही ग्रंथ आज अभ्यासकाला आधाराचे आहेत, त्यात शंका नाही. परंतु रयतेच्या माळवीसाठी, तिच्या गीतांसाठी वा म्हणींसाठी या खर्चात जागा झाली नाही. अमेरिकेत पगारी लेखक गुलामाच्या झोपडीत जाऊन बसला. धारेचा पगारी पंडित सनदा आणि ताम्रपट यांच्यापाशी थांबला. लेल्यांना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल, कारण दरबाराने जे काम सांगितले ते त्यांनी चोख केले. काम सांगणाऱ्याची नजर तेवढीच होती.

याचा परिणाम विलीनीकरणात दिसला. २२ एप्रिल १९४८ रोजी मध्यभारताचा करार झाला. या करारातील एक तरतूद आमच्यासारख्या वकिलाच्या नजरेतून सुटत नाही: संस्थानांच्या कायम नोकरांना पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर नोकरीत ठेवावे, नाहीतर वाजवी भरपाई द्यावी. माणसांना हमी मिळाली. ती ज्या भाषेत काम करीत होती, तिला मिळाली नाही. कारभार हिंदीत गेला. मराठी लिहिता येणारा कारकून नोकरीत राहिला, पण मराठीत लिहिण्याचे काम त्याच्या टेबलावरून उठले. आणि रयतेने त्याबद्दल ओरड करण्याचे कारण नव्हते, कारण ती भाषा तिची नव्हतीच.

आपल्याकडे बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांत स्थिती नेमकी उलटी आहे. येथे मराठी शेतात, बाजारात आणि घरात आहे, कचेरीत नाही. आपण अनुदानासाठी अर्ज करतो तेव्हा बहुधा संमेलन, ग्रंथालय किंवा स्मारक यांसाठी करतो. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांची मराठी, तिच्यात मिसळलेल्या कानडी शब्दांसकट, लिहून घेण्यासाठी चार तरुणांना वर्षभर वेतन द्या, असा अर्ज आमच्या पाहण्यात अजून आलेला नाही.

माळवीची ती राहिलेली नोंद पुढे काही अंशी झाली, आणि ती करणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेले, कानडी घरातले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयावर उतार पडावा म्हणून कोरड्या हवेच्या देवासला राहायला गेले. संस्थान त्याच वर्षी संपत होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी आसपासच्या बायकांची माळवी गाणी पडत गेली. पुढे त्यांनी ती गोळा केली, त्यांच्या धुना लिहून घेतल्या, आणि त्यांतून नवे राग घडवले.