मातृत्वानंतरचें मानांकन

इ. स. १९१९ च्या जुलै महिन्यांत विंबल्डन येथील हिरवळीवर महिलांच्या एकेरीचा जो अंतिम सामना झाला, तो टेनिसच्या इतिहासांत अद्याप विसरला गेलेला नाहीं. एका बाजूस वीस वर्षांची फ्रेंच कुमारी सुझान लेंगलेन होती. दुसऱ्या बाजूस चाळीस वर्षांच्या व दोन मुलांच्या माता असलेल्या श्रीमती डोरोथिया लँबर्ट चेंबर्स होत्या. विजयास केवळ एका गुणाची उणीव राहिली आहे, असा प्रसंग श्रीमती चेंबर्स यांच्या वाट्यास दोनदां आला. पण दोन्ही वेळां कुमारी लेंगलेन निसटली आणि अखेर १०-८, ४-६, ९-७ असा सामना तिनें जिंकला.

या सामन्याची एक बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. त्या वर्षीं या सामन्यापूर्वीं श्रीमती चेंबर्स यांना एकही सामना खेळावा लागला नव्हता. त्या काळीं असा नियम होता कीं, मागील स्पर्धेच्या विजेत्यानें स्वस्थ बसावें, इतरांनीं आपसांत झुंजून एक आव्हानवीर निवडावा आणि त्यानें शेवटीं विजेत्याशीं सामना द्यावा. श्रीमती चेंबर्स यांचा मागील विजय होता १९१४ चा. त्यानंतर महायुद्धामुळें चार वर्षें स्पर्धा भरलीच नाहीं. तरीही पांच वर्षांनीं त्या परतल्या, तेव्हां त्यांचें आसन जागच्या जागीं होतें. आणि सामना इतका अटीतटीचा झाला कीं, तें आसन वृथा राखून ठेवलें होतें, असें म्हणण्याची कोणाचीहि छाती झाली नसती.

अनुपस्थितीच्या काळांत खेळाडूचें स्थान राखावें कीं नाहीं, हा प्रश्न अशा रीतीनें जुनाच आहे. सुमारें शंभर वर्षांनीं तो मातांच्या संबंधांत विचारला गेला. अपत्यजन्मासाठीं खेळापासून दूर राहिलेली स्त्री परत आली म्हणजे तिला पूर्वींच्या योग्यतेचें मानांकन मिळावें काय, या प्रश्नावर २०१८ सालीं टेनिसच्या जगांत मोठाच वाद माजला. त्याचा निवाडा करावयाचा तर मानांकन म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

मानांकनास इंग्रजींत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ बी पेरणें असा आहे. पाभर चालविणारा शेतकरी सारें बियाणें एकाच जागीं ओतीत नाहीं. दाण्यादाण्यांत अंतर ठेवतो. त्याचप्रमाणें स्पर्धेची सोडत काढतांना बलाढ्य खेळाडूंस एकमेकांपासून दूर बसवितात. नुसती चिठ्ठी उचलली, तर दोन सर्वश्रेष्ठ खेळाडूंची गांठ पहिल्याच दिवशीं पडेल आणि त्यांतील एकीस रिकाम्या हातीं घरीं जावें लागेल. आव्हानाची जुनी फेरी विंबल्डननें १९२२ मध्यें बंद केली. १९२४ मध्यें मानांकनाचा आरंभ झाला, आणि १९२७ पासून तें निव्वळ गुणवत्तेवर देण्यांत येऊं लागलें. आजच्या चार प्रमुख स्पर्धांच्या एकेरींत १२८ खेळाडू असतात व त्यांपैकीं ३२ जणींना मानांकन मिळतें. या बत्तिसांपैकीं कोणत्याही दोघींची गांठ तिसऱ्या फेरीपूर्वीं पडत नाहीं. तेव्हां मानांकन हें मागील पराक्रमाचें बक्षीस नसून स्पर्धा समतोल व्हावी म्हणून केलेली मांडणी आहे, हें सूत्र पुढील सर्व विवेचनांत ध्यानीं ठेविलें पाहिजे.

ही मांडणी क्रमवारीवर अवलंबून असते. महिलांची संगणकीय क्रमवारी १९७५ च्या नोव्हेंबरांत सुरू झाली. आजच्या पद्धतींत ५२ आठवड्यांतील गुण मोजले जातात. जुना आठवडा मागें पडला कीं त्याचे गुणही गळतात. गरोदरपण, प्रसूति आणि शरीर पुन्हां कसण्याचा काळ मिळून वर्षाहून अधिक अवधि सहज लोटतो. तेवढ्यांत क्रमवारींतील सारी कमाई वितळून जाते. यावर महिला टेनिस संघटनेनें विशेष क्रमांकाची तजवीज केली होती: रजेपूर्वींचा क्रमांक दाखवून परतलेल्या खेळाडूस ठराविक स्पर्धांत प्रवेश मिळे. परंतु दार उघडलें तरी आंत पाट मांडलेला नसे. प्रवेश मिळे, मानांकन मिळत नसे. आणि सोडतींत तिची चिठ्ठी कोणाही बलाढ्य खेळाडूसमोर पडूं शके. पहिल्याच फेरींत हार झाली कीं गुण थोडे, गुण थोडे म्हणून क्रमांक खालचा, आणि क्रमांक खालचा म्हणून पुढच्या स्पर्धेंतही तोच धोका, असें हें रहाटगाडगें होतें.

मातांना श्रेष्ठ दर्जाचा खेळ साधत नाहीं, असें म्हणावें तर इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. १९०८ सालीं विंबल्डन जिंकणाऱ्या श्रीमती शार्लट स्टेरी ३७ वर्षांच्या व दोन मुलांच्या माता होत्या. श्रीमती चेंबर्स यांच्या सात विजयांपैकीं १९१०, १९११, १९१३ व १९१४ हे चार विजय मातृत्वानंतरचे. मार्गारेट कोर्ट यांनीं १९७२ मध्यें पहिल्या अपत्यास जन्म दिला आणि १९७३ मध्यें चारपैकीं तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. १९८० मध्यें इव्हॉन गूलागाँग कॉली यांनीं विंबल्डन जिंकलें, तेव्हां ६६ वर्षांनीं एक माता तेथें विजयी झाली. बेल्जियमच्या किम क्लायस्टर्स २००७ मध्यें निवृत्त झाल्या, २००८ मध्यें त्यांना कन्या झाली, आणि २००९ मध्यें आयोजकांच्या विशेष निमंत्रणावरून, क्रमांक किंवा मानांकन कांहींच नसतांना, त्यांनीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली.

क्लायस्टर्स यांचें हें उदाहरण मानांकनाचे विरोधक हटकून पुढें करतात. मानांकनावांचून जर त्या जिंकल्या, तर इतरांना त्याची गरज काय, असें ते विचारतात. परंतु एखादा पोहणारा पुरांतून पैलतीर गांठतो, म्हणून गांवाला पूल नको, असें ठरत नाहीं. नियम सामान्यांसाठीं करावयाचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुखापत दैवानें येते, मातृत्व मात्र स्वेच्छेनें स्वीकारलें जातें. मग त्याचा भार इतरांनीं कां सोसावा? या आक्षेपाचें उत्तर २००९ च्याच उन्हाळ्यांत सांपडतें. जुलै महिन्यांत स्वित्झर्लंडचे रॉजर फेडरर यांना जुळ्या कन्या झाल्या. ऑगस्टमध्यें त्यांनीं सिनसिनाटीची स्पर्धा जिंकली आणि अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत ते अग्रमानांकनानें उतरले. त्याच ऑगस्टमध्यें, त्याच सिनसिनाटींत, क्लायस्टर्स शून्यापासून आरंभ करीत होत्या. त्या निवृत्त झाल्या होत्या हें खरें. पण निवृत्त न होतां केवळ रजा घेतली असती, तरी ५२ आठवड्यांच्या हिशेबानें त्यांचे गुण गळालेच असते. अपत्य दोघांचें असतें. क्रमवारी मात्र एकाच्याच नांवावर फुली मारते. ही विषमता निसर्गानें निर्माण केली असली, तरी गुण मोजण्याची पद्धत माणसांनीं केलेली आहे, आणि माणसांनीं केलेलें माणसांना सुधारतां येतें.

तशी सुधारणा पूर्वीं झालीही होती. एप्रिल १९९३ मध्यें हँबुर्ग येथें सामना चालू असतां मोनिका सेलेस यांच्या पाठींत एका माथेफिरूनें सुरा खुपसला. त्या सुमारें सव्वादोन वर्षें खेळूं शकल्या नाहींत. १९९५ मध्यें त्या परतल्या, तेव्हां संघटनेनें त्यांना स्टेफी ग्राफ यांच्या बरोबरीनें पहिला क्रमांक दिला. अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत त्यांना दुसरें मानांकन मिळालें आणि अंतिम सामना याच दोघींत झाला. मांडणी अचूक ठरली. क्रमवारींत नसलेलें बळ कोर्टावर असूं शकतें, आणि तें ओळखून सोडत काढणें हेंच न्यायाचें असतें, हा धडा येथें मिळाला होता. युद्धासाठीं जागा राखली गेली, सुऱ्याच्या वारासाठीं राखली गेली; पाळण्यासाठीं राखण्याचा विचार मात्र मागें पडला.

तो विचार सेरेना विल्यम्स यांच्यामुळें ऐरणीवर आला. २०१७ च्या जानेवारींत त्यांनीं ऑस्ट्रेलियाची स्पर्धा जिंकली, तेव्हां त्या गरोदर होत्या. सप्टेंबरांत त्यांना कन्या झाली. २०१८ च्या फ्रेंच स्पर्धेंत त्या परतल्या तेव्हां त्यांचा क्रमांक ४५१ होता. फ्रेंच संघटनेनें क्रमवारीस चिकटून राहून मानांकन नाकारलें. याचा परिणाम कोणावर झाला? १७ वें मानांकन असलेल्या ॲश्ली बार्टी यांच्यावर. मानांकनामुळें दुसऱ्या फेरीपर्यंत ज्या निर्धास्त असावयाच्या, त्यांना त्याच फेरींत २३ प्रमुख स्पर्धांच्या विजेतीशीं झुंजावें लागलें, आणि एक सेट जिंकूनही त्या हरल्या. मातेला वगळून काढलेली सोडत ही इतरांनाही न्याय देत नाहीं, हें येथें उघड झालें.

यानंतर विंबल्डनच्या समितीनें उलट निर्णय दिला. सेरेना यांचा क्रमांक तेव्हां १८३ होता. समितीनें आपल्या अधिकारांत त्यांना २५ वें मानांकन दिलें. त्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचल्या व तेथें अँजेलिक केर्बर यांच्याकडून हरल्या. मांडणीच्या दृष्टीनें समितीचा अंदाज बरोबर ठरला. परंतु बत्तीस पाटांवर तेहतिसावी पंगतीस बसली, म्हणजे एकीला उठावें लागतें. क्रमवारींत ३२ व्या असलेल्या स्लोव्हाकियाच्या डोमिनिका सिबुल्कोव्हा यांचें मानांकन त्यामुळें गेलें. हा आपल्यावर अन्याय आहे, असें त्यांनीं उघडपणें सांगितलें. आणि तें खोटें नव्हतें. मानांकन गेल्यामुळें २२ वें मानांकन असलेल्या योहाना काँटा यांची गांठ त्यांना दुसऱ्याच फेरींत पडली. सिबुल्कोव्हा तो सामना जिंकल्या आणि शेवटच्या आठांत पोंचल्या, हा त्यांचा पराक्रम. त्यानें समितीचें देणें फिटत नाहीं.

विंबल्डनच्या निर्णयांत दुसरें वैगुण्यही होतें. तो नियम नव्हता. समितीची मर्जी होती. सात वेळां तेथें विजयी झालेल्या स्त्रीवर ती मर्जी झाली. पण मातृत्वापूर्वीं विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकावर असलेली, वृत्तपत्रांत जिचें छायाचित्र क्वचितच येतें, अशी खेळाडू परतली, तर समितीला तिची आठवण झाली असती काय? कृपा कीर्तीच्या मागें जाते; न्यायानें नांव न पाहतां चालावें, अशी अपेक्षा असते.

२०१८ च्या डिसेंबरांत महिला टेनिस संघटनेनें जो नियम जाहीर केला, त्यांत या दोन्ही वैगुण्यांवर तोड आहे. २०१९ पासून मातेस अपत्यजन्मानंतर तीन वर्षांपर्यंत आपला विशेष क्रमांक बारा स्पर्धांत वापरण्याची मुभा मिळाली. त्या क्रमांकानें ती मानांकनास पात्र ठरत असेल, तर तिला मानांकन दिलें जात नाहीं, पण पहिल्या सामन्यांत मानांकित खेळाडूशीं तिची गांठही पडूं दिली जात नाहीं. कोणाचाही पाट न काढतां पंगतींत जागा करण्याची ही युक्ति आहे. चार प्रमुख स्पर्धा आपलीं मानांकनें स्वतः ठरवितात, त्यामुळें संघटनेचा शब्द तेथें अखेरचा नसतो, हें मात्र खरें.

नियम कीर्तीकडे पाहत नाहीं, याचें प्रत्यंतर २०२४ मध्यें आलें. चार प्रमुख स्पर्धा जिंकलेल्या नाओमी ओसाका प्रसूतीनंतर ऑस्ट्रेलियांत परतल्या. रजेपूर्वींचा त्यांचा क्रमांक ४६ असल्यामुळें मानांकनाचा प्रश्नच उद्भवला नाहीं; पहिल्याच फेरींत १६ व्या मानांकनाच्या कॅरोलीन गार्सिया यांच्याकडून त्या हरल्या. पूर्वकीर्ति मोठी असूनही त्यांना वेगळा न्याय लागला नाहीं, यांतच नियमाची शोभा आहे.

आणि ज्यांची कीर्ति मोठी नव्हती, त्यांचें काय? बल्गेरियाच्या त्स्वेताना पिरोंकोव्हा तीन वर्षें खेळापासून दूर होत्या. विशेष क्रमांकाच्या बळावर २०२० च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत त्यांना प्रवेश मिळाला, आणि दहावें मानांकन असलेल्या गार्बिनिए मुगुरुझा यांना हरवून त्या शेवटच्या आठांत पोंचल्या. त्या वर्षीं त्या आठांत तीन माता होत्या. दुसऱ्या दोघी सेरेना विल्यम्स व व्हिक्टोरिया अझारेंका. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबईंत जन्मलेल्या व हैदराबादेंत वाढलेल्या सानिया मिर्झा यांनींही पुत्रजन्मानंतर परतून, नादिया किचेनॉक यांच्या साथीनें, होबार्टची दुहेरी स्पर्धा मानांकनावांचून जिंकली. २०२५ मध्यें संघटनेनें बारा महिन्यांपर्यंत सवेतन प्रसूतिरजेचीही योजना जाहीर केली. खेळाडूंना मासिक वेतन नसतें. त्या दृष्टीनें हें पाऊल लहान नव्हे.

सारांश, परतलेल्या मातेला संरक्षण मिळावें. पण तें तिच्या नांवाकरितां नव्हे, तर सोडत खरी व्हावी म्हणून. तें मुदतीचें असावें, कारण तीन वर्षांपूर्वींचें बळ कायमचें गृहीत धरणें हेंही असत्यच होय. तें दुसरीच्या कष्टार्जित जागेवर उभारलेलें नसावें. आणि तें लिहिलेल्या नियमानें मिळावें. सेरेना विल्यम्स यांना मानांकन देण्यास समितीला फारसें धैर्य लागलें नाहीं. पंचविसाव्या क्रमांकावरून रजेवर गेलेली, कोणाच्या विशेष स्मरणांत नसलेली एखादी खेळाडू बाळाला घेऊन परत येईल आणि नियमाकडे बोट दाखवून, कोणाची मनधरणी न करतां, आपली जागा घेईल, त्या दिवशीं या सुधारणेची खरी कसोटी उतरली असें समजावें.