एक जीन, चार घराणी

अकोला-अमरावतीकडे दिवाळीनंतर ‘जीन चालू आहे का?’ असं कुणी विचारलं, की तो कापसाचीच चौकशी करतोय हे सगळ्यांना कळतं. हा शब्द म्हणजे इंग्रजी ‘एंजिन’चं शेपूट. मूळ लॅटिन ‘इंगेनियम’, म्हणजे अंगची हुशारी. हुशारीतून युक्ती, युक्तीतून यंत्र. एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढणारं यंत्र केलं, ते ‘कॉटन जिन’. अमेरिकी यादवीत (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडी कापसाचा भाव चढला. पुढे इकडेही जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. चामडी रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली गळते आणि रुई गाठी बांधायला प्रेसकडे जाते.

प्यायची जिन या घराण्यातली नव्हे; ती जुनिपरच्या फळांवरून, डच ‘जेनेव्हर’मार्गे आली. अंगातली जीन्स इटलीतल्या जिनोआची, घोड्यावरचं जीन फारसी. चौघांपैकी कापसाशी सोयरीक दोघांचीच. मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याला जीनवाला कापसाचा भाव सांगतो. त्याच कापसाच्या जीन्सचा भाव त्याला दुकानात कळतो. भाव ठरवायला त्याला दोन्हीकडे कुणी विचारत नाही.